सहासष्ट सेंटिमीटर, दोन मिलिमीटर

तिची सायकल मी आठ वर्षं धुतली.
बाई कशी होती ते दुसऱ्या कुणाला विचारा.
मला विचाराल तर सीटची उंची सांगेन:
सहासष्ट सेंटिमीटर, वर दोन मिलिमीटर.
ते वरचे दोन तिने पहिल्याच दिवशी मागितले,
कमरेत वाकून, हळू, उसने मागावेत तसे.
तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मला कळलं
की हिचं हळू बोलणं म्हणजे माघार नव्हे.

इकुमी नागासे.
गेंटमधल्या आमच्या गोदामात सगळे तिला इक्मी म्हणायचे.
फ्रेमवर नावाचं स्टिकर लावताना
मीसुद्धा एक अक्षर खाल्लं.
दुसऱ्या दिवशी ते काळ्या शाईने भरलेलं होतं, मुंगीएवढं,
आणि माझ्या अवजारांच्या पेटीवर खारवलेल्या प्लमची बरणी.
बायकोने एक चाखलं,
डोळे मिटले,
बरणी वरच्या फळीवर गेली.

शिमानेच्या डोंगरात तिच्या गावची रेल्वे बंद झाली
तेव्हा ती चौदा वर्षांची. शाळा खिंडीपलीकडे, सतरा किलोमीटर.
ओसाड फलाटावरचं घड्याळ मात्र चालू राहिलं होतं,
कुणी बंद करायला विसरलं असेल.
जाताना त्यात बघायची, येताना बघायची.
हे तिने एकदाच सांगितलं, चेन पुसता पुसता,
तिच्या त्या फ्लेमिशमध्ये, जिला भूतकाळ नव्हता:
"गाडी येत नाही. मी जाते."

पहिली दोन वर्षं पगार नाही.
सोमवारी ती गोठवलेल्या माशांचे खोके मोजायची,
मंगळवारी सायकलला तो वास यायचा.
पहिल्या मोसमात पुढच्या ब्रेकचे रबर पंधरवड्यात संपत,
म्हणजे उतारावर भीती.
पुढे महिना टिकू लागले.
मी काही बोललो नाही. तीही नाही.

तिचं काम: गाडीपाशी मागे यायचं,
पाठीवर, पोटाशी, गळ्याशी बाटल्या कोंबायच्या,
सात, कधी आठ,
आणि वारा कापत पुन्हा पुढे.
टीव्हीवर शर्यत सुरू व्हायची
तेव्हा तिची संपत आलेली असायची.
निकालाच्या कागदावर बहुतेकदा
तिच्या नावापुढे: पूर्ण केली नाही.

एकदाच, एप्रिलमध्ये, दगडी रस्त्यावर,
ती पुढच्या नऊ जणींत होती. अकरा किलोमीटर उरलेले.
हाडेविखचं पुढचं चाक बसलं. आमची गाडी तीन मिनिटं मागे.
रेडिओवर कुणी काही सांगायच्या आत
इकुमीने आपलं चाक काढून दिलं होतं.
मी पोचलो तेव्हा ती कांदापातीच्या शेताशी उभी,
हातात ते पंक्चर चाक.
बोटाने फिरवत होती, कान लावून.
मला वाटलं रडेल, शिव्या देईल.
म्हणाली, "बेअरिंग कोरडं आहे."
खरं होतं. ती चूक माझी.

हाडेविख चौथी आली.

मग इटलीत, बोगद्यातून बाहेर पडताना, तेलावर घसरून
तिचा डावा खुबा मोडला.
सात महिन्यांनी परतली, गोदामात आली,
तशीच वाकली, आता थोडी एका बाजूला,
आणि ते दोन मिलिमीटर परत दिले.
"खाली घे," म्हणाली.
छत्तिसाव्या वर्षी. फेब्रुवारी होता.
सप्टेंबरपर्यंत चालवली.

परवा कार्ड आलं. फलाट, गवत कापलेलं, घड्याळ.
मागे तिच्या अक्षरात:
"चार मिनिटं पुढे. कोणी लावत नाही. मी लावते."

तिची फ्रेम छताला टांगली आहे.
मालक म्हणतो, विकून टाक, जागा अडते.
येतात पोरी, बसून बघतात,
म्हणतात, सीट जरा वर कर ना.
मी सांगतो, नट गंजलाय.
निघत नाही.